मुलगा चौथीत, वाचताना खूप अडतो. एलडीची टेस्ट करावी का?

रानजाई:
मुलगा चौथीत, मराठी मीडियम. तोंडी विचारा, सगळं येतं, शिवाजी महाराजांच्या गोष्टी तर घडाघडा सांगतो पण तेच पुस्तक उघडून वाच म्हटलं की जोडाक्षराशी थांबतो नाहीतर अंदाजाने भलताच शब्द ठोकून देतो. घ चा ध, भ चा म. सत्तावीस सांगितलं की ७२ लिहितो. शाळेतल्या बाई म्हणाल्या लर्निंग डिसॅबिलिटीची (एलडी, म्हणजे हुशार असूनही वाचन-लेखन-गणितात अडचण) टेस्ट करून घ्या. सासूबाई म्हणतात काही नाही गं, आळशी आहे, याचा बापही असाच होता. मिस्टर म्हणतात एकदा सर्टिफिकेट घेतलं की कायमचा शिक्का. आणि रोज संध्याकाळी अभ्यासाला बसलं की रडारड, त्यात पहिलीतली धाकटी त्याच्या आधी वाचून दाखवते मग तो तिला मारतो. काय करू? आम्ही दादरला राहतो.

पाटी_पेन्सिल:
मी स्पेशल एज्युकेटर आहे. टेस्ट कराच. आधी डोळे-कान तपासतात, मग आयक्यू, मग वाचन-लेखन-गणित. ती चाचणी मराठीतूनच व्हायला हवी, हे आधीच विचारून घ्या. तुम्हाला सायन हॉस्पिटलचं एलडी क्लिनिक जवळ आहे. सर्टिफिकेट मुलाला आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच देतात, पुढे पुन्हा तपासणी असते. शिक्क्याचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एलडी आहे, परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं त्यातच लिहिलंय. हा त्याचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. आणि सत्तावीसमधला सात आधी ऐकू येतो म्हणून तो आधी लिहितो. बालभारतीने २०१९ ला दुसरीच्या गणितात 'वीस सात' आणलं तेव्हा केवढी टीका झाली, पण अशा मुलांना ते खरंच सोपं जातं, घरी तसंच म्हणा.

कृष्णाकाठ:
आमचा आता कॉलेजला आहे. ताई, आधी घरातला अभ्यास तुमच्या अंगावरून काढा. आमच्याकडे मायलेकरांत अभ्यास सोडून दुसरं बोलणंच उरलं नव्हतं. रेमेडियलला, म्हणजे वाचन-लेखन खास पद्धतीने शिकवायला, बाई लावल्या आणि घरी फक्त धडा आम्ही वाचायचा, त्याने ऐकायचा आणि तोंडी सांगायचा. धाकटीला दुसऱ्या खोलीत बसवा, तिचं कौतुक जरूर करा पण त्याच्यासमोर वाचायला लावू नका. रिपोर्ट समजून घ्यायला आम्ही आजीलाही नेलं, आमचं ऐकत नव्हती पण टेस्ट घेणाऱ्या मॅडमनी सांगितलेलं पटलं.

उनाडवारा:
'याचा बापही असाच होता' इथेच मी थांबलो. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची एलडी, बऱ्याचदा घराण्यात असतो. मला चाळिशीत मुलीच्या टेस्टच्या वेळी कळलं की माझंही तेच होतं, तोवर मी स्वतःला ढ समजत होतो. मिस्टरांना एकदा शांतपणे विचारा, वर्गात वाचायला उभं केलं की त्यांना काय व्हायचं. शिक्क्याची भीती कदाचित तिथली असेल.

रानजाई:
मिस्टरांना हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले सायनला मीही येतो. सोबत काय न्यायचं?

पाटी_पेन्सिल:
शाळेचं पत्र, प्रगतीपुस्तकं, आणि वह्या. रोजच्या खाडाखोडीच्याच आणा, नवीन लिहून घेऊ नका.