जुना सिंथ खरखरतोय, मदत हवी आहे (तातडीने)

कळफलक
घरी जुना रोलँड सिंथेसायझर आहे. वाजवताना मध्येच एखादा सूर खरखरतो, एखादा उमटतच नाही. थोड्या वेळाने तोच सूर ठणठणीत. पट्ट्या साफ करून झाल्या. दुरुस्तीवाले "पार्ट मिळत नाही" म्हणून परत पाठवतात, म्हणून स्वतःच उघडणार आहे. शनिवारी ऑर्केस्ट्राची तालीम आहे. लवकर सांगा.

सोल्डरवाला
रोलँड कुठला?

आप्पा_डोंबिवली
पट्ट्यांखालच्या रबराचा कार्बन गेला असणार. रबर बदला. माझ्या कॅसिओचं तेच झालं होतं.

कळफलक
ज्यूनो-१०६. आणि पट्ट्या साफ केल्यात हो, वर लिहिलंय.

सोल्डरवाला
हे आधी सांगितलं असतंत तर! १९८४ चं यंत्र, एका वेळी सहा सूर. प्रत्येक आवाजाला (एक सूर वाजवणाऱ्या सर्किटला) ८००१७ए ही स्वतंत्र चिप, फिल्टर आणि आवाजाचा चढउतार दोन्ही तिच्यात. तिच्यावरचा लेप जुना झाला की त्यातून करंट झिरपतो. पट्ट्यांना हे सहा आवाज पाळीपाळीने मिळतात, म्हणून बिघाड एका पट्टीवर राहत नाही, फिरतो. 'की ट्रान्सपोज' दाबून धरून यंत्र चालू करा. मग एकेक पट्टी दाबा, डिस्प्लेवर आवाजाचा क्रमांक येईल. कुठला बिघडलाय ते लिहा. मागे व्होल्टेज किती लिहिलंय?

तारसप्तक
आधी सगळे कपॅसिटर बदला. चाळीस वर्षांचं यंत्र आहे.

सोल्डरवाला
पॉवर सप्लायचे गेले असते तर सहाही आवाज रडले असते. एक-दोन आवाजांसाठी सगळं यंत्र उसवायचं?

मंद्र
लॅपटॉपवर हाच आवाज देणारं सॉफ्टवेअर मिळतं. कशाला हा व्याप?

कळफलक
१०० व्होल्ट, जपानचा आहे. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आहे, वाजतोय तर! चाचणी केली. ३ खरखरतो, ५ गप्प. आता?

ठाणेकर_निषाद
दोन्ही चिपा काढा, शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काचेच्या बंद बरणीत बुडवून ठेवा. दोन-तीन दिवसांत लेप मऊ होऊन सुटतो. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि रंग असतो. खिडक्या उघड्या, गॅस बंद. माझ्या अशाच वाचल्या.

तारसप्तक
आणि लेप खरवडताना पिना तुटल्या तर? नव्या बनावटीच्या पर्यायी चिपा मिळतात, त्या मागवा.

ठाणेकर_निषाद
त्या परदेशातून येणार, वर कस्टम. अ‍ॅसिटोन कितीला पडतं? तुम्ही स्वतः कधी १०६ उघडलाय का?

आप्पा_डोंबिवली
अवांतर: आमच्या वेळी ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन असायचं. बिघडलं तर भाता शिवायचा, काम संपलं.

कळफलक
अकॉर्डियनचा वेगळा धागा काढा ना. अ‍ॅसिटोन की नवीन, एकच सांगा.

सोल्डरवाला
५ साठी नवीन मागवा, ३ ला अ‍ॅसिटोन. खरखरणारी बहुतेकदा परत येते, गप्प झालेलीचा भरवसा नाही. शनिवार विसरा, तालमीला दुसरा कीबोर्ड न्या. मेमरीची बॅटरी बदलणार असाल तर आधी मेमरीत साठवलेल्या १२८ ध्वनिरचना टेपवर उतरवून घ्या, बॅटरी काढली की त्या पुसल्या जातात.

कळफलक
चिप काढायला साधा डिसोल्डर पंप (वितळलेलं सोल्डर ओढणारा) चालेल का?

सोल्डरवाला
चालेल, सोबत विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची विणलेली पट्टी) ठेवा. पिना मोकळ्या झाल्याशिवाय चिप ओढू नका, बोर्डावरचं तांबं उचललं जातं. काढण्याआधी फोटो टाका इथे.