मोडमधली चूक दाखवली की पहिला प्रश्न ‘रँक काय तुझी?’ : मराठवाड्यातल्या खेळाडूंनो, अनुभव लिहा

हिमरू, छत्रपती संभाजीनगर (धागा काढणारा)

ऑनलाइन गेममधल्या मल्टिप्लेअर मोडच्या (अनेक जण एकमेकांविरुद्ध खेळतात त्या प्रकाराच्या) रचनेवर कुणी टीका केली की खेळणाऱ्यांचे गट त्याच्याशी कसे वागतात, यावर आपल्या भागातल्या लोकांचे अनुभव हवे आहेत. निमित्त सांगतो. हिंगोलीच्या एका पोरानं आमच्या ग्रुपवर लिहिलं की चार विरुद्ध चारच्या नव्या नकाशात मेल्यावर आपण जिथं परत उगवतो ती जागा समोरच्या इमारतीच्या वरच्या खिडकीतून सरळ दिसते. समोरची टीम एकदा तिथं बसली की सामना संपला. त्यानं क्लिपही टाकली होती. उत्तरं आली ती अशी: “रँक काय तुझी?”, “स्किल इश्यू” (म्हणजे तुलाच जमत नाही), “जा, लूडो खेळ”. क्लिप कुणी उघडलीसुद्धा नाही. पोरगा ग्रुप सोडून गेला. मी स्वतः त्या खिडकीत बसून पाहिलं, तो म्हणतो ते खरं आहे.

माझं मत आधीच सांगतो. इतकं बारीक पाहणाऱ्याचा खेळावर जीव असतो. अशी माणसं गेली तर ग्रुपमध्ये फक्त स्क्रीनशॉट उरतात.

एक विनंती. स्वतःच्या अनुभवात खेळाचं किंवा ग्रुपचं नाव घालू नका, नाहीतर सगळा वाद नावावर जातो. जगजाहीर गोष्टींची नावं खुशाल घ्या.

गोदाकाठ, नांदेड

माझं म्हणणं थर्ड पर्सनबद्दल होतं. या मोडमध्ये कॅमेरा आपल्या पाठीमागं असतो, त्यामुळं भिंतीआड दबा धरून बसलेल्याला (त्यालाच कॅम्पर म्हणतात) कोपऱ्यापलीकडचं दिसतं आणि चालत येणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणजे जो बसतो तो जिंकतो, जो चालतो तो मरतो. शेवटच्या वर्तुळात (सामना संपताना उरलेल्या छोट्या जागेत) तर सगळे गवतात लोळत पडलेले. फर्स्ट पर्सनमध्ये, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसतं तेव्हा, हा फायदा बराच कमी होतो, पण आपल्याकडं रात्री दहानंतर त्या मोडला पुरेसे खेळाडू लवकर जमत नाहीत. म्हणून रँकची मोजणी दोन्हीकडं सारखी असू नये, फर्स्ट पर्सनला जास्त गुण द्यावेत, असं मी सुचवलं होतं.

“कॅम्परनं मारलं म्हणून रडू लालास का भौ?” हे पहिलं उत्तर. मग के-डी (किती मारले भागिले किती वेळा मेलो) मागितला. मी टाकला, बरा होता. त्यावर उत्तर आलं, “मग तुला काय त्रास आहे? तू तर मारू लालास की सगळ्यांना.”

आता बघा. रँक खाली असती तर बोलायचा हक्क नव्हता. रँक वर निघाली तर बोलायची गरज नव्हती. मग मोडबद्दल बोलायचं कुणी?

वस्तीवरून, केज, बीड

आमच्याकडं टॉवर एक आणि संध्याकाळी सगळी वस्ती मोबाईलवर. दुपारी ६० असलेला पिंग (फोनचा संदेश सर्व्हरवर जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) रात्री ३०० च्या वर जातो. कंपनीनं माझ्यासाठी टॉवर उभा करावा असं मी कधीच म्हटलं नाही. माझा मुद्दा नकाशाचा होता. अरुंद बोळ आणि काटकोनी वळणं असलेल्या नकाशात झेप घेऊन बाहेर येणाऱ्याला मी लगेच दिसतो, कारण मी कुठं उभा आहे हे त्याच्या फोनला आधीच माहीत असतं. त्याची हालचाल मात्र सर्व्हरवर जाऊन मग माझ्याकडं येते. त्याच्या फोनवर मी मेलेलो असतो, माझ्या फोनवर तो अजून भिंतीआड असतो. पिंग जेवढा जास्त तेवढा हा फरक मोठा. मोकळ्या मैदानाच्या नकाशात त्याचा त्रास कमी होतो, म्हणून रँकच्या सामन्यात नकाशा निवडू द्यावा किंवा जवळपास सारख्या पिंगचे खेळाडू एकत्र टाकावेत, एवढंच मी लिहिलं होतं.

“वायफाय घे, नाहीतर शेती कर.” या एका ओळीवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

मी शेतीच करतो. रात्री मोटारीची पाळी असते तेव्हा विहिरीवर बसून खेळतो. मला त्या वाक्याचा राग शेतीमुळं आला नाही. मी जे समजावून लिहिलं होतं त्यातलं एक अक्षरही कुणी खोडलं नाही, नुसतं मला हाकललं, याचा आला.

रात्रपाळी, परळी

मी आता लिहितच नाही कुठं. खेळतो आणि बंद करतो.

अबोली, लातूर

मी इथं क्लाससाठी राहते, सुट्टीच्या दिवशी खेळते. माझी सूचना होती की अनोळखी खेळाडूंसोबत टीम लागली की माईक आपोआप चालू नसावा आणि तयार सूचनांची यादी मोठी असावी. ‘डाव्या घरात दोघं’, ‘मी औषध घेतेय, थांबा’ असलं बोटाच्या एका टिचकीनं सांगता आलं तर न बोलताही नीट खेळता येतं.

मराठीत लिहिलं की क्रियापदातूनच कळतं, लिहिणारी मुलगी आहे. “भावाची आयडी का?”, “आवाज ऐकव मग सांगतो”, आणि वैयक्तिक मेसेज आले ते वेगळेच. मोडबद्दल एकही वाक्य नाही.

काही महिन्यांनी तीच सूचना मी दुसऱ्या नावानं, “असं वाटतं”, “असं करता येईल” अशा वळणानं टाकली. त्यावर दोन दिवस चांगली चर्चा झाली. कुणी सांगितलं की सूचना फार झाल्या तर पडद्यावर गर्दी होते, कुणी त्याची मांडणी काढून दाखवली. म्हणजे या लोकांना चर्चा करता येते. आधी त्यांनी ती माझ्याशी केली नाही, एवढंच.

चौकीदार, परभणी

मी एक मोठा ग्रुप सांभाळतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

आपल्याकडच्या भीतीला एक कारण आहे, ते बाहेरच्या देशातल्या खेळाडूंना कळायचं नाही. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाईलवर बंदी आली. २ जुलै २०२१ ला त्याचाच भारतातला अवतार बीजीएमआय आलं. जुलै २०२२ मध्ये तेही स्टोअरवरून गेलं आणि मे २०२३ मध्ये परत आलं. फ्री फायर हा तसलाच दुसरा खेळ फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला. पोरांच्या आयडी, मित्र, वर्षांची मेहनत एका रात्रीत गायब. तेव्हापासून खेळाविरुद्ध काही लिहिलं की पहिली प्रतिक्रिया येते, “गप बस, परत बंद पडेल.” बंदी सरकारी कारणांनी आली होती, नकाशातल्या खिडकीवर कुणी बोट ठेवलं म्हणून नाही. पण भीतीला हे सांगून पटत नाही.

दुसरं, रात्री बारानंतर हरलेल्या माणसाच्या शिव्याही ‘टीका’ म्हणूनच येतात. बनवणाऱ्यांच्या आईबहिणीवर जाणारं लिखाण मी काढतो आणि काढणारच. खरं बोलणारा त्याच गर्दीत चिरडला जातो. म्हणून आम्ही नियम केला: मोडचं नाव, नकाशा, क्लिप आणि ‘याऐवजी काय हवं’ हे एक वाक्य. यासाठी वेगळा कट्टाही दिला. शिव्या थांबल्या हे खरं, पण त्या कट्ट्यावर वाचायला फारसं कुणी फिरकत नाही, आणि लिहिणाऱ्याला तेही लागतं. यावर उपाय मला सापडलेला नाही.

मोसंबी, जालना

माझा छोटा चॅनल आहे, मराठीत लाईव्ह करतो. ज्या खेळात बंदुकीच्या स्किनमुळं (विकत घेतलेल्या सजावटीमुळं) डॅमेज, म्हणजे गोळीचा मार, किंवा गोळ्यांचा वेग वाढतो, त्याबद्दल मी बोललो. कपडे विका, नाच विका, माझं काही म्हणणं नाही. पण रँकच्या सामन्यात पैशानं गोळी जड होऊ नये. जत्रेच्या फडात जोड लावताना वजन बघतात, पाकीट नाही.

सगळ्यात जास्त चिडले ते पैसे घातलेले लोक. “मी डायमंडला (खेळातल्या चलनाला) हजारो घातलेत, तू गरीब आहेस तर गप ऐक.” त्यांच्यातली कितीतरी पोरं शिकणारी, घरून मागून पैसे घातलेली. मोड चुकीचा आहे हे मान्य केलं तर पैसे वाया गेले हेही मान्य करावं लागतं. म्हणून माझ्यावर तुटून पडतात. मला त्यांचा राग येत नाही, वाईट वाटतं.

गणपतीत आमच्या मंडळानं स्पर्धा ठेवली तेव्हा मी एकच अट घातली: कस्टम रूम (आपले नियम लावून चालवायचा खासगी सामना) करताना बंदुकीचे जादा गुण बंद ठेवायचे. आधी कुरकुर झाली. पण अंबडच्या एका साध्या फोनवाल्या टीमनं नावाजलेल्या गिल्डला (खेळाडूंच्या पक्क्या गटाला) उपांत्य फेरीत हरवलं आणि मांडवात जो आवाज झाला, त्यानंतर यंदाही तीच अट ठेवा असं लोक स्वतःहून म्हणाले.

उदगीरकर

मला थोडं वेगळं म्हणायचंय. सगळी टीका जीव लावूनच केलेली असते असं नाही. लपायला धुराचा गोळा टाकायचा कधी हे शिकायच्या आधीच मोकळं मैदान ‘चुकीचं’ ठरवणारे मी रोज बघतो. आधी शिका, मग बोला, यात काय चूक आहे?

अबोली, लातूर

चूक नाही दादा, पण मग “धूर टाकून बघ, असा टाकतात” हे सांगा. “रँक दाखव” यातून कुणी काय शिकणार?

उदगीरकर

हे मान्य.

जुना पीसीवाला, धाराशिव

‘आवडत नसेल तर दुसरा खेळ खेळ’ हे उत्तर देणाऱ्यांसाठी फोर्टनाइटची गोष्ट सांगतो. त्यात बांधकाम करता येणं ही मुख्य ओळख. ज्यांना बोटांची ती कसरत जमत नव्हती ते वर्षानुवर्षं म्हणत होते की बांधकाम नसलेला मोड द्या, आणि त्यांना हेच उत्तर मिळायचं. मार्च २०२२ मध्ये कंपनीनं आधी काही दिवस बांधकाम काढून पाहिलं आणि त्याच महिन्यात ‘झिरो बिल्ड’ हा वेगळा मोड कायमचा आणला. जुना मोडही राहिला. कुणाचं काही हिरावलं गेलं नाही.

स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ तर आणखी ठळक. नोव्हेंबर २०१७ मध्ये मोठी पात्रं उघडायला लागणाऱ्या वेळावर खेळाडू भडकले. कंपनीनं दिलेल्या उत्तराला रेडिट या चर्चेच्या साइटवर सहा लाखांहून जास्त नापसंतीची मतं पडली. पात्रांच्या किमती ७५ टक्क्यांनी उतरल्या, आणि खेळ बाजारात येण्याच्या तोंडावर खऱ्या पैशाची खरेदीच थांबवली गेली.

उलटं उदाहरणही द्यायला हवं. कॉल ऑफ ड्यूटीत कौशल्य बघून जोड्या लावायचे, त्यावर अनेक चांगल्या खेळाडूंचा आक्षेप होता. तो खेळ काढणाऱ्या ॲक्टिव्हिजननं २०२४ मध्ये आपल्या चाचणीचा अहवाल काढला. काही खेळाडूंसाठी कौशल्याचं वजन कमी केलं तर बहुसंख्य खेळाडू कमी वेळा परतले, सामना अर्धवट सोडणंही वाढलं. कंपनीचाच अहवाल, तेवढं लक्षात ठेवून वाचावा. तरी आक्षेप घेणाऱ्यांनी रेटा लावला म्हणूनच तो अहवाल आपल्यासमोर आला.

वस्तीवरून, केज, बीड

जालन्याचे मोसंबी, तुमच्यासारखी कस्टम रूम लावली तर पिंगचं काय? की आम्ही फक्त बघायचं?

मोसंबी, जालना

पिंग रूममध्येही राहतोच, तो मला काढता येत नाही. पण नकाशा आपल्या हातात असतो. मोकळा निवडू, बोळांचा टाळू. गोदाकाठ म्हणतात तसं फर्स्ट पर्सन ठेवू. सामने दुपारी लावू, तुमचा टॉवर मोकळा असतो तेव्हा. बीड, लातूर, हिंगोली, ज्याला यायचंय त्यानं इथंच खाली लिहा. रँक लिहू नका, नेहमीचा पिंग लिहा.