१२ मिमी काचेवर खोल कोरीव काम: २ एचपी कॉम्प्रेसर आणि सायफन गन पुरेल का?

काचकाम_बडोदे:
देवघराच्या दारासाठी १२ मिमी काचेवर सँडब्लास्टने, म्हणजे दाबाच्या हवेने वाळू मारून, मोर आणि कमळ कोरायचं आहे. नुसतं फ्रॉस्टिंग (वरवर धुरकट करणं) नको, मागच्या बाजूने खोल कोरून पुढून उठाव दिसायला हवा. सध्या २ एचपी कॉम्प्रेसर, सायफन गन (हवेच्या झोताने वाळू ओढून घेणारी) आणि चाळलेली ओरसंग नदीची वाळू आहे. तीन अडचणी: ५ मिनिटांत प्रेशर बसतं, गन मधूनमधून थुंकते, आणि साध्या विनाइल स्टेन्सिलच्या कडा उचलतात. आधी काय बदलू?

नोझल_मकरपुरा:
आधी वाळू. नदीच्या वाळूत सिलिका असते. ती काचेवर आपटून फुटते आणि तिची पूड फुफ्फुसात बसते. खंभातच्या अकीक कारागिरांचा सिलिकोसिस (या पुडीने होणारा फुफ्फुसाचा आजार) आपल्यापासून फार लांब नाही. तोंडाला रुमाल बांधून ही पूड अडत नाही. खोल कामाला ८० ते १०० ग्रिट (आकडा मोठा तितका कण बारीक) सिलिकॉन कार्बाइड आणि शेडिंगला १५० ते १८० घ्या. ब्राऊन ॲल्युमिनियम ऑक्साइड स्वस्त पडतं आणि चालतंही, पण काप थोडा संथ. काचेचे मणी घेऊ नका, ते काच कोरत नाहीत. माल (कोरायची पूड) बदलला तरी बंद कॅबिनेट, धूळ ओढणारा पंखा आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा फिल्टर मास्क लागणारच, कारण काचेची पूडही उडतेच.

आता हवा. ३ मिमी नोझलला ३ किलो (प्रति चौरस सेंमी) दाबावर साधारण १० सीएफएम, म्हणजे मिनिटाला १० घनफूट हवा लागते. २ एचपीच्या पाटीवर आकडा काहीही असो, तो बहुधा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टन सरकवतो त्या हवेचा असतो, हातात येणारी हवा त्याहून बरीच कमी. म्हणून टाकी रिकामी होते. थेट ५ एचपी बघा. आणि सायफन सोडून प्रेशर पॉट घ्या: त्यात माल दाबाखाली ढकलला जातो, त्यामुळे २ ते ३ किलोवर सायफनच्या कितीतरी पट वेगाने कापतो. नोझल टंगस्टन कार्बाइडचा घ्या, सिरॅमिक लवकर झिजतो. भोक ३ चं ४ मिमी झालं की हवेची गरज पावणेदोन पट होते, आणि लोक दोष कॉम्प्रेसरला देतात.

ओलावा_वैरी:
थुंकण्याचं कारण पाणी. पावसाळ्यातली बडोद्याची हवा दाबली की पाणी सुटतंच. मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा) कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच लावला तर हवा तिथे अजून गरम असते, पाणी वाफेतच राहतं आणि पुढे पाइपात जमतं. मध्ये ५ ते ६ मीटर लोखंडी पाइप घ्या, उतार टाकीकडे ठेवा, आणि ट्रॅप पॉटच्या जवळ लावा. टाकीचं पाणी रोज सोडा. माल वापरण्याआधी चाळा. स्टेन्सिलची एखादी चिंधीही नोझल तुंबवते. आणि हो, पॉट, कॅबिनेट, नोझल सगळ्यांना अर्थिंग द्या, नाहीतर स्थिर विजेचे चटके बसतात.

कोरीव_काका:
स्टेन्सिलबद्दल. साधं विनाइल फ्रॉस्टिंगपुरतं. खोलीला सँडब्लास्टचीच रबर शीट लागते, साधारण १ मिमी जाडीची. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. साबण किंवा ग्लास क्लीनरचा थर राहिला तर गोंद धरत नाही. रोलरने दाबून बसवा. कापताना कोपऱ्यात सुरी पुढे सरकली की तिथून माल आत शिरतो. नोझल काचेला काटकोनात, १५ ते २० सेंमीवर धरा. तिरका झोत कडेखाली घुसतो. एकाच जागी थांबलात तर गोंद तापून सुटतो.

कोरण्याचा क्रम हेच खरं मर्म. मागून कोरताना पुढून जे सगळ्यात पुढे दिसायचं, ते आधी आणि सगळ्यात खोल. कमळाची मधली पाकळी आधी उघडा, ४ मिमीपर्यंत न्या. मग शेजारची, किंचित उथळ. दोघींच्या सीमेवर धार राहिली पाहिजे, तीच पुढून कड म्हणून दिसते. पहिली उथळ ठेवून बसलात तर दुसरी तिला खाऊन टाकते. सगळे तुकडे सोलण्याआधी स्टेन्सिलवर क्रमांक घाला. मोराच्या पिसाऱ्यात हे विसरलात तर गोंधळ ठरलेला. नक्षी आरशासारखी उलटी काढायला विसरू नका. आणि ५ मिमीपेक्षा खोल जाऊ नका.

काचकाम_बडोदे:
आभार. काच आधीच टफन (तापवून कडक केलेली) असेल तर? दुकानदार म्हणतो तशी नाही, पण खात्री कशी करू?

नोझल_मकरपुरा:
कोपऱ्यात शिक्का बघा. नसला तर पोलराइज्ड गॉगलमधून तिरक्या उजेडात पाहा, पट्टे किंवा ठिपके दिसले तर टफन. टफन काचेचा दाबाखालचा थर दोन्ही बाजूंनी जाडीच्या साधारण पाचव्या भागापर्यंत असतो. १२ मिमीत तो २.५ मिमीच्या आसपास. तो ओलांडला की अख्खी काच चुऱ्यासारखी फुटते, आधी इशारा नाही. त्यामुळे कोरून मग टफन करायची, पण किती खोल कोरीव चालेल ते टफन करणाऱ्याला काप घालण्यापूर्वी विचारा. खोल कामाला ते बऱ्याचदा नकार देतात. तसं झालं तर कोरलेली काच दाराला न लावता शेजारच्या स्थिर चौकटीत बसवा.

कोरीव_काका:
एचिंग क्रीमने (काच खाणाऱ्या रसायनाने) ही खोली मिळणार नाही, ती फक्त पृष्ठभाग धुरकट करते. शिवाय अशी क्रीम बहुधा फ्लोराइडची असते, हातमोजे सोडू नका. काम झाल्यावर खरखरीत पृष्ठभागावर सीलर मारा, नाहीतर तेलकट बोटांचे डाग जात नाहीत. आधी वाया गेलेल्या १२ मिमी तुकड्यावर एकच पाकळी कोरून बघा, खोली मोजा, मग दाराला हात लावा.