लिंबू आंबट, मग ते अल्कधर्मी कसं?

सोलकढी
रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये अल्कली पाण्याच्या मशीनचं प्रात्यक्षिक झालं. नळाच्या पाण्यात थेंब टाकला की पाणी पिवळट, मशीनच्या पाण्यात टाकला की जांभळं. "तुमचं रक्त असंच आम्लधर्मी झालंय," असं तो माणूस सांगत होता. किंमत लाखाच्या वर. त्याने वाटलेला 'आम्लधर्मी-अल्कधर्मी पदार्थां'चा तक्ता वाचून सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी तूरडाळ आणि अंडी बंद केली. वय ७१. आता प्रथिनं आणायची कुठून?

माझं मत स्पष्ट आहे. रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यानच राहतो. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, मूत्रपिंडं जास्तीचं आम्ल लघवीवाटे काढतात. काकडी खाऊन तो हलत नाही, मटण खाऊनही नाही. बदलतो तो लघवीचा. आणि ते जांभळं पाणी जठरातल्या तीव्र आम्लात पडल्यावर त्याचं उरणार काय?

रानभाजी
सोलकढीताई, मशीनबद्दल पटलं. पण त्यापायी आहाराचा विचारच मोडीत काढू नका. मला चार वर्षं पित्ताचा त्रास होता. रात्री घशाशी आंबट पाणी यायचं, उशाशी दोन उशा लागायच्या. ताटात निम्म्याहून जास्त भाज्या-फळं घ्यायला लागले आणि दीड महिन्यात ते थांबलं. हा माझा अनुभव आहे, तो कुणाच्या सामूने पुसला जाणार नाही.

आणि हे थोतांडही नाही. लिंबातलं सायट्रिक आम्ल शरीरात जळून जातं, मागे राहतं पोटॅशियम आणि तयार होतं बायकार्बोनेट, जे अल्कधर्मी असतं. उलट मांस, अंडी, चीज यांतल्या गंधकयुक्त प्रथिनांपासून सल्फ्युरिक आम्ल बनतं. १९९५ साली रेमर आणि मान्झ या संशोधकांनी याचे आकडेच मांडले (उणे म्हणजे अल्कधर्मी, अधिक म्हणजे आम्लधर्मी): १०० ग्रॅममागे मनुका उणे २१, पालक उणे १४, पार्मेझान चीज अधिक ३४.

सोलकढी
ते आकडे मूत्रपिंडाला किती आम्ल बाहेर काढावं लागेल, याचा अंदाज आहेत. रक्त किती आंबट झालं याचे नव्हेत. एक विचारू? तेव्हा रात्री किती वाजता जेवत होता?

रानभाजी
साडेदहा. आता साडेसात. तळलेलंही बंद केलंय. फरक त्याचाही असेल, मान्य. पण भाज्यांचा वाटा शून्य होता, असं मी म्हणणार नाही.

तिसरा मजला
दोघींनाही कळकळीने सांगतो. माझ्या वडिलांची मूत्रपिंडं अर्धीच चालतात. नातेवाइकांनी "रक्त अल्कली करा" म्हणून रोज दोन शहाळी आणि पालकाचं सूप सुरू करायला लावलं. तीन आठवड्यांनी पायातली ताकद गेली. शहाळ्या-पालकातलं पोटॅशियम मूत्रपिंडांना बाहेर टाकता आलं नाही; रक्तात ते धोकादायक ६.४, थेट आयसीयू. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी दाखवली, त्यातली टोकं तंबूसारखी उंच उठली होती. त्या रात्री मी काय भोगलं ते मला माहीत.

गंमत नव्हे, पण त्यांच्या रक्तात आम्ल खरंच साठत होतं. त्यासाठी त्यांना सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या आहेत, तपासणी करून मोजून दिलेल्या. म्हणून अशा रुग्णाने तक्ता बघून खाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

रानभाजी
दादा, वाचून काटा आला. हे माहीत नव्हतं. पण माझ्या भावाला युरिक आम्लाचे मूतखडे झाले, तेव्हा लघवीचा सामू वाढवायला डॉक्टरांनीच पोटॅशियम सायट्रेट दिलं आणि वर लिंबूपाणी प्यायला सांगितलं. म्हणजे खाण्यापिण्याने शरीरात काहीच होत नाही, असं नाही ना?

सोलकढी
बरोबर, तिथे उपयोग होतोच. पण तो लघवीत, आणि एका ठरावीक आजारात. त्यावरून 'कर्करोग अल्कली शरीरात टिकत नाही' इथवर उडी मारणारे आहेत, माझी चीड त्यांच्यावर आहे. अमेरिकेत हेच शिकवणारा रॉबर्ट यंग २०१६ साली परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल दोषी ठरला. २०१८ मध्ये ज्युरीने एका कर्करुग्ण बाईला १० कोटी ५० लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. तिने त्याच्या सल्ल्यावर विसंबून नेहमीचे उपचार टाळले होते.

रानभाजी
त्या बाबतीत मी तुमच्याच बाजूला. माझं ताट मात्र मी बदलणार नाही. सासूबाईंचं काय झालं?

सोलकढी
काल त्यांना वरणात आमसूल घालून दिलं, सोबत मेथीची भाजी. दोन वाट्या वरण खाल्लं. तक्ता अजून फ्रीजवर आहे.