रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये गाणे ऐकायचे, तर कुठे बसावे?

गिरगावची_लेक:
माझ्या आईने लग्नाआधी चर्नी रोडच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये अनेक चित्रपट पाहिले आणि तिच्या लेखी ते आजही ‘टॉकीज’च आहे. तिला तिथे शास्त्रीय गायनाच्या मैफलीला न्यायचे आहे. मात्र तिला जिना चढवत नाही आणि ऐकूही थोडे कमी येते. ही वास्तू मुळात गाण्यासाठी बांधली होती का आणि खाली कुठली जागा घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_प्रेक्षक:
वास्तू मुळात रंगभूमीचीच. मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनी ती उभारली आणि १९११ साली पाचव्या जॉर्ज राजाने तिचे उद्घाटन केले, तेव्हा बांधकाम पुरेही झाले नव्हते. इथे बालगंधर्व गायले, पुढे पृथ्वीराज कपूर यांची नाटके झाली. चित्रपटांनी बस्तान बसवले ते हळूहळू. १९५२ साली मालकी गोंडलच्या महाराजांकडे गेली आणि १९९३ साली दारे बंद झाली. पुढची तेवीस वर्षे आत काळोख होता, तरी हिऱ्यांचे दलाल आणि बसचे वाहक त्या भागाला ‘ऑपेरा हाऊस’ म्हणतच राहिले. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धार केल्यावर ऑक्टोबर २०१६मध्ये ते पुन्हा उघडले. तेव्हा मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो (उंच पट्टीत गाणाऱ्या पाश्चात्त्य संगीतातील गायिका) पॅट्रिशिया रोझारियो तिथे गायल्या, म्हणजे ऑपेराचे (पाश्चात्त्य संगीतनाटकाचे) नाव एकदाचे सार्थ झाले!

तंबोरा_जुळवा:
सुमारे ५७५ आसनांचे सभागृह असल्याने कुठलीच जागा फार दूर पडत नाही. तरीही सज्जाच्या खाली अगदी मागे बसू नका, कारण छतावरून परतणारा आवाज तिथे अडतो आणि गाणे कोरडे वाटते. कडेच्या खुर्च्याही टाळाव्यात. हल्ली ध्वनिक्षेपकाशिवाय मैफल होत नाही आणि कडेला बसलेल्याच्या कानावर जवळचा एकच कर्णा आदळत राहतो, तबला पुढे येतो आणि तंबोरा पार बुडतो. खाली, मधल्या रांगांत, मधोमध बसावे.

जुना_प्रेक्षक:
आणखी एक सांगायचे राहिले. जरा लवकर पोहोचा आणि दिवे मंद होण्याआधी आईला घुमटाकडे वर पाहायला सांगा. चित्रपट पाहताना सगळ्यांची नजर पडद्यावर असायची, घुमटाकडे कोण बघत होते?

गिरगावची_लेक:
मनःपूर्वक आभार. मधल्या रांगेतली दोन तिकिटे काढली आहेत. आईचा प्रश्न एवढाच, की मध्यंतरात बटाटेवडा मिळतो का?