मेट्स बुडाले ते पैशामुळे नाही, पिचिंगवर पैसा न लावल्यामुळे

फ्लशिंगकर:

२८ सप्टेंबर २०२५, मायामी. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या हंगामातला १६२ वा आणि शेवटचा सामना. चौथ्या इनिंगमध्ये मायामी मार्लिन्सने ४ धावा काढलेल्या, आपले न्यूयॉर्क मेट्स शून्यावर. पाचव्या इनिंगला तिन्ही बेसवर आपले धावपटू, दोघे बाद, बॅटिंगला पीट अलोन्सो. चेंडू बॅटवर असा बसला की नुसत्या आवाजावर मी आणि माझा मुलगा दोघेही उठून उभे राहिलो. ताशी ११६ मैलांच्या आसपास वेग होता. तो चेंडू थेट लेफ्ट फील्डला सानोहाच्या ग्लोव्हमध्ये गेला. मुलगा काही न बोलता आपल्या खोलीत गेला.

०-४. त्याच दुपारी सिनसिनाटी रेड्स मिलवॉकीत हरले होते. म्हणजे आपण तो एक सामना जिंकला असता तरी प्लेऑफमध्ये होतो. दोन्ही संघ ८३ विजय, ७९ पराभव. आपापसातल्या सामन्यांत रेड्स ४-२ ने पुढे, म्हणून ते आत, आपण बाहेर.

ज्यांनी हा हंगाम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मालक स्टीव्ह कोहेन यांनी हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर दिले. संघाचा एकूण पगार सुमारे ३४ कोटींचा, लॉस एंजेलिस डॉजर्सच्या खालोखाल. १२ जूनला संघ ४५-२४, अख्ख्या मेजर लीगमध्ये सर्वात पुढे. तिथून पुढे ३८-५५. ही घसरगुंडी कोणी दोन वाईट आठवड्यांची म्हणू नये, साडेतीन महिने ती आमच्या डोळ्यांसमोर चालू होती.

तेव्हापासून ओळखीचा प्रत्येक जण मला एकच वाक्य ऐकवतोय, 'पैशाने संघ विकत घेता येत नाही'. मला हे पटत नाही. बॅटिंगसाठी पैसा लागला आणि त्याचं मोल मिळालं. सोटोने ४३ होम रन मारले आणि ३८ बेस चोरले (पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसवर धाव). लिंडोरचे ३१ आणि ३१. अलोन्सोने १२६ धावा आणल्या. उणीव होती ती स्टार्टर पिचर्सची, म्हणजे सामना सुरू करून पहिल्या पाच-सहा इनिंग्ज टाकणाऱ्यांची, आणि नेमकी तिथेच संघबांधणी पाहणाऱ्या डेव्हिड स्टर्न्स यांनी काटकसर केली. फ्रँकी मोन्टासला दोन वर्षांसाठी ३.४ कोटी. क्ले होम्स, जो आधी शेवटची एखादी इनिंग टाकायचा, त्याला स्टार्टर बनवलं. मनाया हंगाम सुरू व्हायच्या आधीच जायबंदी. यांच्या भरवशावर १६२ सामने निघत नाहीत. घराला संगमरवरी फरशी घातली आणि पाया तसाच ठेवला.

अनघा_एडिसन:

दादा, चीड मलाही आहे, पण स्टर्न्स यांच्यावर हे अन्याय करणारं आहे. १२ जूनलाच काय झालं ते आठवा. मी त्या दिवशी आपल्या घरच्या मैदानावर, सिटी फील्डवर होते, फर्स्ट बेसच्या बाजूला. आपला स्टार्टर सेंगा, त्याने वॉशिंग्टन नॅशनल्सना पाच इनिंग्जहून जास्त काळ फक्त एक हिट दिली होती. जमिनीवरून सरपटणारा साधा चेंडू अलोन्सोकडे गेला, सेंगा बेस गाठायला धावला, थ्रो जरा उंच आला. सेंगाने उडी मारून तो घेतला, पाय बेसला लावला आणि तिथेच मांडीचा मागचा भाग धरून खाली पडला. पूर्ण स्टेडियम गप्प. त्या क्षणी त्याचा ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावा, कमी तितकं चांगलं) १.४७ होता, ७ विजय नावावर. त्यानंतर वर्षभरात त्याला एकही विजय मिळाला नाही, सप्टेंबरमध्ये तर त्याला सिराक्यूजला खालच्या लीगमध्ये जावं लागलं.

दोन आठवड्यांत दुसरा स्टार्टर ग्रिफिन कॅनिंग याच्या टाचेची शीर तुटली. मेगिलचं कोपर गेलं. आणि तुम्ही ज्यांना काटकसर म्हणताय, त्यातल्याच होम्ससारख्या पिचर्सनी १२ जूनपर्यंत आपल्याला पहिल्या नंबरवर ठेवलं होतं. होम्सने तर १६५ इनिंग्ज टाकल्या, तोही कोणाला वाटलं नव्हतं इतका टिकला. एका उंच थ्रोने वर्ष गेलं, त्याचं खापर हिशेबाच्या वहीवर फोडू नका.

सातची_गाडी:

दोघांशीही असहमत. प्रश्न पैशाचाच आहे आणि तो फक्त मेट्सचा नाही.

मेजर लीगमध्ये पगारावर पक्की मर्यादा नाही. ठरावीक आकड्याच्या वर गेलात की कर भरा, एवढंच. सर्वात वरच्या टप्प्याला तर लोक 'कोहेन टॅक्स' म्हणतात, कारण तो त्यांच्यामुळेच आला असं सगळे मानतात. २०२५ साठी त्यांनी ९ कोटी डॉलरच्या वर कर भरला. आपल्याकडे आयपीएलच्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयेच होते. लखनौने पंतवर २७ कोटी लावले तेव्हा बाकीच्या जागा उरलेल्या पैशांत भराव्या लागल्या. चूक केली की लगेच भोगावी लागते. इथे कोहेन यांना कुठेच भोगावं लागत नाही, म्हणून चूक दिसायलाही वेळ लागतो. २०२२ साठी शर्झर आणि २०२३ साठी व्हरलँडर हे महागडे पिचर आणले, २०२३ च्या जुलैअखेर ते १ ऑगस्टच्या दरम्यान दोघांनाही टेक्सासात वेगवेगळ्या संघांकडे पाठवून दिलं, १०१ विजयांचा संघ ७५ वर आला. दोनच वर्षांत परत तीच गत.

आणि ज्या रेड्सनी जागा घेतली त्यांचा पगार मेट्सच्या निम्म्याहूनही कमी. मिलवॉकीचा तसाच, आणि ९७ विजयांसह लीगमध्ये पहिले.

फ्लशिंगकर:

मिलवॉकीचं नाव काढलंत ते बरं झालं. ऑक्टोबरमध्ये त्यांचं काय झालं? डॉजर्सनी ४-० ने धुतलं. चार सामन्यांत मिळून मिलवॉकीच्या ४ धावा! पहिल्या सामन्यात ब्लेक स्नेलने ८ इनिंग्जमध्ये एकच हिट दिली. दुसऱ्यात यामामोटोने पूर्ण सामना एकट्याने टाकला. स्नेलचा करार १८.२ कोटींचा, यामामोटोचा ३२.५ कोटींचा. मग वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम फेरीत, यामामोटोने सहावा सामना जिंकून दिला आणि दुसऱ्याच दिवशी सातव्यात परत चेंडू हातात घेतला. पैशाने विजेतेपद येतं हो. तो पिचर्सच्या हातावर लावावा लागतो.

अनघाताई, सेंगाचं दुःख मलाही आहे. पण पिचर जायबंदी होणार हे एप्रिलमध्येच धरून चालायचं असतं. पाच जणांच्या पाळीतला एक गेला की सहावा कोण, याचं उत्तर आपल्याकडे नव्हतं. उत्तर होतं तेही वापरलं नाही! नोलन मक्लीन १६ ऑगस्टला आला, ८ सामने सुरू केले, ईआरए २.०६. हा मुलगा जुलैत आणला असता तर? एक सामना हवा होता आपल्याला. एकच.

अनघा_एडिसन:

मक्लीनचं मान्य. ते माझ्याकडेही उत्तर नाही.

पण यामामोटोसाठी कोहेन यांनीही बोली लावली होती, हे तुम्ही सोडून देताय. त्यांनी पैसा दाखवला, तो डॉजर्सकडे गेला. चांगले पिचर बाजारात मांडून ठेवलेले नसतात.

रात्रपाळी_पुणे:

मी पुण्यातून पाहतो, आमच्याकडे सामने पहाटे साडेचार-पाचला सुरू होतात. तुमच्या चर्चेत एक आकडा राहिला, माझ्या मते तो सगळ्यात मोठा आहे. आठ इनिंग्ज संपल्यावर मेट्स मागे असतील असे ७० सामने झाले. त्यातला एकही जिंकला नाही. ७० पैकी शून्य!

२०२४ चा संघ आठवा. अटलांटात लिंडोरचा नवव्या इनिंगमधला होम रन, मग मिलवॉकीत नवव्याच इनिंगमध्ये अलोन्सोचा. तो संघ कमी पैशांचा नव्हता, पण हरत असताना त्यांच्या चेहऱ्यावर वेगळं काही दिसायचं. २०२५ मध्ये सातव्या इनिंगनंतर मान खाली गेलेली मी रोज पाहिली आहे, ऑफिसला निघायच्या आधी. सप्टेंबरमध्ये सलग ८ हरले तेव्हा पिचिंग खराब होतं हे खरं, पण बॅटिंग करणाऱ्यांचं काय? घरच्या मैदानावर तळाच्या नॅशनल्सनी तीनपैकी दोन सामने नेले. ते पिचर्सच्या खात्यावर टाकता येणार नाही.

सातची_गाडी:

हेच. आणि जुलैअखेरीला बुलपेनसाठी, म्हणजे स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचर्सच्या ताफ्यासाठी, जे आणलं त्याचंही बोला. हेल्स्लीचा ईआरए मेट्सकडे ७.२०. मलिन्स सेंटर फील्डला आणला, सरासरी .१८२. मेहनत न करता दुकानातून उपाय आणायची सवय लागली की असं होतं.

फ्लशिंगकर:

हेल्स्लीबद्दल काही बोलायला जागा नाही. पण जुलैअखेरीलाही स्टार्टर एकही आणला नाही, हे तुमच्याच यादीतून दिसतंय. बुलपेनचे तीन पिचर आणि एक फील्डर. स्टार्टर चौथ्या-पाचव्या इनिंगलाच बाहेर पडत होते म्हणून बुलपेन रोज चार-पाच इनिंग्ज टाकत होतं. ऑगस्टपर्यंत त्यांचे हात संपले. शेवटच्या दिवशी मायामीत एकामागून एक पिचर येत राहिले ते त्याचमुळे.

पुणेकर, ७० पैकी शून्य हा आकडा मला झोपू देत नाही. त्याला माझ्याकडे पिचिंगचं उत्तर नाही. तुमचं बरोबर आहे, मैदानात काहीतरी तुटलं होतं.

कोहेन यांनी दुसऱ्या दिवशी चाहत्यांची जाहीर माफी मागितली. मी ती वाचली आणि मला ती खरी वाटली. पण डिसेंबरमध्ये अलोन्सो बाल्टिमोरला गेला, डियाझ डॉजर्सकडे, निमो त्याआधीच टेक्सासला. जे पडले नव्हते तेच गेले. आणि २०२५ संपेपर्यंत पहिल्या नंबरचा पिचर आपल्याकडे आला नव्हता.

अनघा_एडिसन:

अलोन्सोच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे दादा. तुमच्या मुलाने जर्सी काढली का भिंतीवरून?

फ्लशिंगकर:

नाही. २० नंबर तसाच आहे. मी विचारलं नाही, त्यानेही विषय काढला नाही.