मदत हवी आहे : बॅलन्स बाईकनंतर पेडलची सायकल कशी शिकवावी?

नमस्कार. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. वर्षभर बिनपेडलची बॅलन्स बाईक चालवतेय. सुरुवातीला सीट इतकी खाली ठेवली होती की दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकायचे. आधी नुसती चालायची, मग ढांगा टाकू लागली, आणि आता सोसायटीच्या पार्किंगमधल्या उतारावर पाय वर घेऊन सात-आठ मीटर सहज जाते. बघताना जीव सुखावतो.

अडचण पुढे आहे. तिच्या मामाने १२ इंची चाकांची पेडलवाली सायकल आणली. त्यावर बसवलं की ती हँडल घट्ट धरून थिजते, पेडल उलटं फिरवते आणि रडू लागते. सायकल जडही आहे, बॅलन्स बाईकच्या जवळजवळ दुप्पट. आजोबा म्हणतात, बाजूची छोटी चाकं लावा. मला ते पटत नाही. त्या चाकांमुळे सायकल वळताना कलत नाही, आणि तिने कमावलेला तोल वाया जाईल.

पेडल काढून काही दिवस हीच सायकल पायांनी ढकलू द्यावी का? (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते माहीत आहे.) कुणी असं केलंय का? मूल किती दिवसांत रुळलं? की सरळ सहा महिने थांबू?

पुण्यात हलकी, हँडब्रेक असलेली छोटी सायकल कुठे मिळाली असेल तर तेही कृपया सांगा.